पुनरुक्ती

वाक्य मोठं सभ्य होतं. ‘सरांच्या प्रदीर्घ आजारपणामुळे मूळ हस्तलिखितात क्वचित पुनरुक्ती झाली आहे, ती या आवृत्तीत वगळली आहे.’ प्रस्तावनेच्या शेवटी, छापखान्याचे आभार मानण्याच्या जरा आधी, टोपी हातात घेऊन उभं राहावं तसं ते अदबीने उभं होतं.

तिने ते पुन्हा वाचलं. दुसऱ्यांची वाक्यं वाचणं हाच तिचा पोटापाण्याचा उद्योग. कायद्याची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशन संस्थेत ती प्रुफं तपासायची, आणि सभ्य वाक्यांच्या पोटात काय काय दडलेलं असतं हे तिला नोकरीनेच शिकवलं होतं. कुणी ‘वगळलं’ म्हणालं की काय वगळलं ते आधी बघायचं. आज समोर बाबांच्या पुस्तकाची प्रुफं होती म्हणून ही सवय मोडायचं काही कारण नव्हतं.

बाबा ट्रॉम्बोन वाजवायचे. उभी हयात शहराच्या वाद्यवृंदात गेली, आणि संध्याकाळी संगीत विद्यालयात शिकवण्यात. ट्रॉम्बोन म्हणजे ते लांबलचक पितळी वाद्य. त्यावर बोटांनी दाबायला काहीच नसतं. एक नळी पुढेमागे सरकवायची आणि सूर कुठे आहे ते हाताने ओळखायचं. पण बाबांचा खरा जीव होता तो कागदावर. लिहिलेल्या संगीतात पाच रेघा असतात, रेघांवर ठिपके असतात. कुठली रेघ म्हणजे कुठला सूर, हे बिचाऱ्या रेघांना ठाऊक नसतं. ते ठरवतं ओळीच्या सुरुवातीला काढलेलं चिन्ह, म्हणजे क्लेफ. बऱ्याच वाद्यांचा संसार एका क्लेफवर निभतो. ट्रॉम्बोनचा निभत नाही. खालच्या सुरांना बास क्लेफ, सूर वर चढू लागले की टेनर, आणि जुन्या संगीतात त्याहून वर गेलं की आल्टो. टेनरचं आणि आल्टोचं तर चिन्हही एकच. ते चौथ्या रेघेवर बसलंय की तिसऱ्या, एवढाच फरक. आणि तेवढ्यावरून झाडून सगळे सूर बदलतात.

बाबा क्लेफला बिऱ्हाड म्हणायचे. “ठिपका तोच गं,” जेवणाच्या टेबलावर वहीच्या रेघांवर शर्टाची बटणं मांडून ते तिला सांगायचे, “पण बिऱ्हाड बदललं की माणूस बदलतो.” शाळेत जाण्याआधी ती तिन्ही बिऱ्हाडं वाचायला शिकली. वाजवायला मात्र कधीच शिकली नाही. फुंकणं तिच्या नशिबात नव्हतं, आणि बाबांनीही, एरवी जगावर डाफरणाऱ्या माणसाने, त्याबद्दल तिला कधी टोकलं नाही.

शेवटच्या दोन वर्षांत फुप्फुसांनी दगा दिला. वाद्य कपाटावर गेलं आणि बाबा कागद घेऊन बसले. विद्यार्थ्यांसाठी धड्यांचं पुस्तक. प्रत्येक धड्यात सूर एका क्लेफमधून दुसऱ्यात जायचे, पुन्हा यायचे, मधेच दगा द्यायचे. तिन्ही बिऱ्हाडांत स्वतःच्या घरासारखं वावरता आलं पाहिजे, हा एकच हट्ट पानोपानी.

ते पुस्तक आता विद्यालय काढत होतं, पहिल्या स्मृतिदिनाला. मुखपृष्ठावर बाबांचा फोटो, बाबांचं नाव, आणि वर ठसठशीत अक्षरांत: ‘सुलभ ट्रॉम्बोन’. आत सगळं बास क्लेफमध्ये. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. टेनर नाही, आल्टो नाही. वरच्या सुरांसाठी पाच रेघांच्या डोक्यावर जादा रेघांच्या शिड्या लावलेल्या, आणि शिडीच्या टोकाला बिचारा ठिपका लटकलेला.

विद्यालयाने तिच्याकडे प्रुफं पाठवली त्याच दिवशी तिने हे पाहिलं होतं आणि गिळलं होतं. आईला सांगायचं तर काय सांगायचं, याची जुळवाजुळव चालू होती. मग ते पुनरुक्तीचं वाक्य दिसलं. जेवणाच्या सुट्टीत तिने हस्तलिखिताची झेरॉक्स शेजारी ठेवून एकेक धडा ताडून पाहिला, आणि ‘भावंडं’ नावाच्या धड्यापाशी तिचा हात थांबला.

बाबांच्या कागदावर त्या धड्याच्या तीन ओळी होत्या. तिन्ही ओळींत ठिपके तेच. अगदी छापे मारल्यासारखे तेच. पण पहिल्या ओळीला बास, दुसरीला टेनर, तिसरीला आल्टो. म्हणजे दिसायला तीच ओळ, वाजवायला तीन वेगळ्या सुरावटी, एकीहून दुसरी वर. पहिली खालच्या आवाजात कुरकुरणारी. दुसरी उदास. आणि तिसरी, काहीही न बदलता, निव्वळ राहायची जागा बदलली म्हणून हसरी. एवढ्यासाठी बाबांनी किती दिवस खपून ते ठिपके निवडले असतील, हे तिला मनात वाजवतानाच कळलं.

प्रुफात एकच ओळ होती. कुरकुरणारी.

तिने लाल पेनाचं टोपण लावलं. ऑफिसात रागवायची सोय नसते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, “काय गं, चूक सापडली का मोठी?” ती म्हणाली, “सापडली. सभ्य आहे.”

*

रविवारी सकाळी ती आईकडे होती, तेव्हाच फुग्या आला. तो आता विद्यालयाचा प्राचार्य होता, टाय लावायचा, पण या घरात तो फुग्याच. लहानपणी वाजवताना गाल फुगवायचा म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. येताना फुलांचा गुच्छ आणि आईच्या सहीसाठी संमतीपत्र घेऊन आला होता.

“काकू, आधी मुखपृष्ठ बघा.”

आईने चष्मा पुसला, कागद दोन्ही हातांत धरला. बराच वेळ ती बघत राहिली.

“केस फारच काळे दिसतायत ह्यांचे.”

“जुना फोटो आहे काकू.”

“जुना कसला? हा सदरा मी शिवून घेतलाय, तेव्हा निम्मे पिकले होते.”

“छपाईसाठी जरासं उजळलंय.”

“म्हणजे फोटोही सुलभ केलात,” मुलगी मधेच म्हणाली.

फुग्या तिच्याकडे वळून हसला. “ताई, तुम्ही प्रुफं बघितली असतीलच. तुमचं तर कामच ते.”

“ताई कधीपासून झाले मी? माझ्या वेण्या खुर्चीला बांधायचास.”

“बरं बाई, चुकलं. बघितलीस ना?”

“बघितली. ‘भावंडं’च्या दोन ओळी कुठे गेल्या?”

“कुठल्या?” त्याने आठवल्यासारखं केलं. “हां, ते. टाइप करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं मला. एकच ओळ तीनदा लिहिली होती सरांनी. शेवटी शेवटी होतंच गं तसं माणसाचं. आम्ही गाजावाजा न करता दोन काढून टाकल्या.”

“गाजावाजा न करता प्रस्तावनेत छापलंत.”

“काय छापलंय?” आईने विचारलं.

तिच्या ओठांवर ते वाक्य आलं होतं. पाठच झालं होतं तिला. पण आईच्या हातात अजून तो काळ्या केसांचा फोटो होता, आणि आई आज कितीतरी दिवसांनी इस्त्रीची साडी नेसली होती.

“काही नाही आई. छपाईचं काहीतरी.”

तिने झेरॉक्स काढून फुग्यापुढे ठेवली आणि तीन ओळींच्या सुरुवातीला बोट टेकवत गेली. एक. दोन. तीन. फुग्याने आधी ठिपके पाहिले, मग चिन्हं. मग पुन्हा ठिपके. त्याचे गाल हळूहळू तांबडे झाले.

“अरेच्चा,” तो म्हणाला. “हे लक्षातच आलं नाही.”

“तुझ्या लक्षात आलं नाही म्हणून ते विसरले?”

“अगं, टाइप केलेलं समोर आलं, त्यात एकच ओळ. मूळ कागद मी घाईत चाळला. आणि खरं सांगू? आल्टो मी आयुष्यात कधी नीट वाचला नाही. सर अंगावर यायचे म्हणून पाठ करून वाजवायचो. परीक्षेनंतर त्याचं तोंडही बघितलं नाही.”

“आणि तू त्यांचं पुस्तक संपादित केलंस.”

“मग कोण करणार होतं? तू?” त्याचाही आवाज आता चढला. “तुला वाचता येतं कारण तू त्यांच्या मांडीवर शिकलीस. बाकीच्यांनी काय करायचं? आल्टोच्या धड्याला पोरं रडायची. काकूंना विचार.”

“रडायची,” आई म्हणाली. “मी आत नेऊन पाणी द्यायचे. हा तर सगळ्यात जास्त.”

“ऐक. आणि आता तर रडायलाही कुणी येत नाही. गिटारच्या वर्गाबाहेर रांग असते. आमच्या वर्गात खुर्च्या आहेत, पोरं नाहीत. पहिल्या महिन्यात तीन तीन क्लेफ समोर टाकले की पोरगं दुसऱ्या महिन्यात ड्रम शिकायला जातं. सोपं काहीतरी हातात दिलं तर टिकतील. ट्रॉम्बोनच राहिला नाही तर तुझी बिऱ्हाडं कुठे थाटायची?”

हे खोटं नव्हतं, आणि तेच तिला जास्त झोंबलं. माणूस साफ चुकीचा असला की रागाला मोकळं रान मिळतं.

“मग सोपं पुस्तक तू लिही ना,” ती म्हणाली. “गरज आहे म्हणतोस, तर लिही. तुला कुणी अडवलंय?”

“माझ्या नावाचं पुस्तक कोण हातात धरणार?”

बोलून गेल्यावर त्याने टायची गाठ चाचपली. आईने फोटो टेबलावर ठेवला आणि त्याच्या कडा टेबलाच्या कडेशी जुळवल्या.

“म्हणजे हाडं तुमची आणि अंगरखा बाबांचा,” ती म्हणाली. “त्यांनी ज्यासाठी आयुष्यभर लोकांशी भांडणं केली तेवढं काढून टाकायचं, आणि उरलेल्यावर त्यांचा चेहरा चिकटवायचा. ह्याला आठवण म्हणतात?”

“सूर तेच आहेत गं सगळे. एकही सूर बदललेला नाही.”

“आख्खी कादंबरी चौथीच्या पुस्तकातल्या शब्दांत लिहिली तरी गोष्ट तीच राहते. वाचून बघ एकदा.”

“झालं,” फुग्या आईला म्हणाला. “आता पुस्तकांवर गेली.”

“जाऊ दे ना गं,” आई तिला म्हणाली. आवाजात चीड नव्हती, नुसता थकवा होता. “पुस्तक निघतंय हे काय कमी आहे? ते तसे होते, त्यांना सगळं आपल्याच मनासारखं लागायचं. मला चिन्हं कळत नाहीत. मला ते पुस्तक हातात घ्यायचंय, बस. कुठे सही करायची रे?”

फुग्याने संमतीपत्र पुढे सरकवलं आणि पेन उघडून दिलं.

तिला दिसलं की आता दोनच गोष्टी शक्य आहेत. गप्प बसायचं आणि ते वाक्य बाबांच्या नावाखाली कायमचं राहू द्यायचं. वाचनालयात, विद्यालयाच्या कपाटात, कधीतरी चुकून ते पान उघडणाऱ्या कुणाच्याही डोळ्यांपुढे. नाहीतर ते इथे, या खोलीत, आईला ऐकवायचं. ज्या बाईने दोन वर्षं त्या माणसाच्या श्वासांवर कान ठेवून दिवस काढले, तिला सांगायचं की लोक म्हणतायत त्यांना भ्रम झाला होता.

आईने पेन कागदाला टेकवलं.

“आई, थांब. प्रस्तावनेतलं एक वाक्य ऐक.”

“ते बदलतो मी,” फुग्या घाईने म्हणाला. “ते काढूनच टाकतो. वाचायची काही गरज नाही.”

“काय वाक्य?”

तिने वाचलं. ऑफिसात वाचायची तसंच, न अडखळता, स्वल्पविरामाला थांबत. वाचून झाल्यावर तिने पान पालथं ठेवलं.

आईने पेनाचं टोपण शोधलं, लावलं आणि पेन फुग्याच्या बाजूला ठेवलं.

“पुनरुक्ती म्हणजे तेच तेच परत, ना?”

“काकू, ती माझी चूक झाली.”

“म्हणजे ह्यांना कळत नव्हतं काय लिहितोय ते.”

“तसं नाही म्हणायचं होतं.”

“तू त्यांना शेवटचा कधी भेटलास रे?”

फुग्याने संमतीपत्र स्वतःकडे ओढलं.

“मी विचारते ते सांग. आजारपणात तू आला होतास का?”

“विद्यालयाचे कार्यक्रम होते काकू, मग परीक्षा. यायचं यायचं म्हणत...”

“नव्हतास आला. मी तक्रार नाही करत. लोकांना कामं असतात. पण मग तुला कुठून कळलं ते काय विसरत होते?” आईचा आवाज तसाच खाली होता. तिच्या हाताची बोटं मात्र टेबलावर पसरली होती, ताणलेली. “छाती गेली होती त्यांची. डोकं नाही. मरायच्या आदल्या आठवड्यात दूधवाल्याचा हिशेब चुकला तो त्यांनी पडल्या पडल्या सांगितला. आणि हा तुझा धडा लिहिताना कागदाखालची पाटी मी धरली होती. बसवत नव्हतं ना, म्हणून मी समोर धरून उभी राहायचे. एक ओळ लिहायची, मग पेन माझ्या हातात द्यायचे आणि उजवा हात असा पांघरुणावर पुढेमागे करायचे. वाजवून बघायचे ते. फुंकर नव्हती, पण हात होता.”

आईने स्वतःचा हात पुढे केला. कोपर सरळ होऊन मनगट टेबलाच्या पलीकडे गेलं.

“पहिल्या ओळीला हात लांब जायचा. इतका, की पाटीला लागायचा. तिसऱ्या ओळीला जवळच्या जवळ. मी म्हटलं, अहो, लिहिलंय तर तेच, मग हात का वेगळा? तर हसले. हसले की ढास लागायची, म्हणून मी पुढे विचारलं नाही.” तिने हात मागे घेतला. “मला वाचता येत नाही. पण तो हात तीनदा सारखा हलला नव्हता. आणि तुम्ही छापताय की म्हातारा बरळत होता.”

फुग्या बसल्या जागी लहान झाल्यासारखा दिसत होता. तिला क्षणभर त्याची कीव आली आणि त्या किवेचाच राग आला. इतके दिवस ती क्लेफची बाजू मांडायच्या तयारीत होती. मनात मुद्दे रचले होते, उदाहरणं काढली होती. त्यातला एकही आईपर्यंत पोचला नव्हता. आईला टेनरशी देणंघेणं नव्हतं, आल्टोशी नव्हतं. ती वेगळ्याच गोष्टीवर पेटली होती.

“मी तिन्ही ओळी घालतो,” फुग्या म्हणाला. “तीन क्लेफसकट. तेवढा एक धडा जसाच्या तसा. ते वाक्य काढतो. पाहिजे तर दिलगिरीचं लिहितो. बाकी पुस्तक असू दे काकू, पोरांसाठी. स्मृतिदिनाला हॉल घेतलाय, पत्रिका गेल्यात.”

आईने तिच्याकडे बघितलं. “तू सांग. तुला कळतं त्यातलं.”

सोपं होतं हो म्हणणं. एक धडा मिळत होता. कदाचित सगळ्यात चांगला धडा. त्या एका पानावरून एखादं पोरगं थबकलं असतं, विचारलं असतं की ही चिन्हं कसली. आणि बाकीच्या सगळ्या पानांनी त्याला सांगितलं असतं की काही नाही, पुढे चल.

तिने मुखपृष्ठाचं प्रुफ ओढून घेतलं. पर्समधून लाल पेन काढलं. बाबांच्या नावावरून एक सरळ रेघ मारली आणि समासात ती शेपटीची खूण केली, जी ती रोज कुणाच्या ना कुणाच्या शब्दांपुढे करायची: हे काढा. मग फोटोभोवती चौकट आखून तीच खूण पुन्हा केली. खाली तिचं सुवाच्य अक्षर: ‘लेखकाचं नाव व छायाचित्र वगळलं आहे.’

“घे,” ती म्हणाली. “छाप. पुस्तक तुझं आहे, बास क्लेफ तुझा आहे. उद्या पोरं आली तर मला आनंदच होईल, खरंच. पण बाबांचं नाव हवं असेल तर त्यांचं पुस्तक छाप. तिन्ही क्लेफ, सगळी पानं.”

“ते कुणी विकत घेणार नाही.”

“मग नको छापूस.”

“कपाटात धूळ खाईल.”

“खाऊ दे. धूळ प्रस्तावना लिहीत नाही.”

फुग्याने प्रुफं गोळा केली. संमतीपत्र घडी करून खिशात घातलं, पेन विसरला, परत येऊन घेतलं. दारात तो वळला.

“सर गेले तरी या घरात सोपं काही चालत नाही,” तो म्हणाला. चिडून म्हणाला, की डोळ्यांत पाणी होतं म्हणून तसा आवाज आला, हे तिला कळलं नाही. तिने कळून घेतलंही नाही. आईने “सावकाश जा रे” म्हटलं आणि दार लावलं.

आई परत येऊन खुर्चीत बसली. टेबलावर आता फक्त फुलं होती, अजून कागदात गुंडाळलेली.

“म्हणजे पुस्तक निघणार नाही,” आई म्हणाली.

“मी विचारेन दुसरीकडे.”

“कोण काढणार?”

“माहीत नाही. कदाचित कुणीच नाही.”

आईने मान हलवली. तिला ते पुस्तक हातात घ्यायचं होतं, आणि ती ते पुन्हा बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं असं मुलीला वाटलं. निदान भांडता आलं असतं.

“फोटो तरी राहू द्यायचास.”

“कशावर, आई?”

आईने फुलांचा कागद सोडवला, देठ सारखे केले, आणि बरणी आणायला उठता उठता म्हणाली, “हेही असेच करायचे. एक रेघ मारायची आणि झालं. मग आठ दिवस कुणाशी बोलायचं नाही. तू निदान जेवून जा.”